बेळगाव–खानापूर लोकल : मागणीपासून पहिल्या गाडीपर्यंत

बेळगावात मेट्रो हवी, ही मागणी अधूनमधून एखाद्या बैठकीत निघते, टाळ्या घेते आणि विरून जाते. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार आणि लगतची उपनगरे धरून सुमारे ६ लाख १० हजार होती. केंद्र सरकारच्या २०१७च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार प्रस्ताव पाठवण्यापूर्वी सर्वंकष वाहतूक आराखडा करावा लागतो, बस, ट्राम आणि रेल्वे या पर्यायांची तुलना मांडावी लागते, शहर परिसराच्या सर्व वाहतुकीसाठी एक प्राधिकरण नेमावे लागते आणि समाजाला होणारे फायदे धरून किमान १४ टक्के परतावा दाखवावा लागतो. आजच्या बेळगावाला ही परीक्षा देता येणार नाही, हे मान्य करून पुढे जावे. मान्य करताना वाईट वाटण्याचे कारण नाही, कारण शहराच्या मधोमध विद्युतीकरण झालेला दुहेरी ब्रॉडगेज मार्ग आपल्याकडे आहे. लोंढा–बेळगाव–घटप्रभा या टप्प्याच्या दुहेरीकरणाचे, सुमारे ९३० कोटी रुपयांच्या कामाचे, लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. सुमारे १९० कोटी रुपये खर्चून नव्याने बांधलेल्या बेळगाव स्थानकाचे लोकार्पणही त्याच दिवशी झाले. जो रूळ शहरात आलाच आहे, त्यावर रोजच्या नोकरदारांची आणि विद्यार्थ्यांची गाडी कशी आणावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो नागरिक समित्या, ग्रामपंचायत सदस्य आणि नगरसेवक यांच्यासाठी लिहिला आहे.

मोजणी आधी, निवेदन नंतर

कामाची सुरुवात निवेदनाने करू नये. निवेदनांचा ढीग प्रत्येक कार्यालयात असतो. वहीत टिपलेले आकडे मात्र क्वचितच कोणी घेऊन जाते.

मोजणीसाठी टिळकवाडीतील दुसऱ्या रेल्वे गेटसारखी जागा नाही. सकाळी नऊच्या सुमारास तेथे उभे राहावे. घंटा वाजते, दांडा खाली येऊ लागतो, तेव्हा दोन-तीन दुचाकी शेवटच्या क्षणी निसटतात आणि शाळेची मुले सायकल आडवी करून वाकून पलीकडे जातात. रिक्षावाले इंजिन बंद करून खाली उतरतात. मग मागून येणाऱ्या दुचाकी समोरून येणाऱ्यांची बाजू अडवून पुढे सरकतात. गाडी निघून जाते, दांडा वर जातो आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांसमोर अडकलेले असतात. गेट बंद राहण्याची वेळ आणि रस्ता मोकळा होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून वहीत तीन रकाने करावेत : दांडा खाली आल्याची वेळ, वर गेल्याची वेळ आणि रांगेतले शेवटचे वाहन रूळ ओलांडून गेल्याची वेळ.

आमची पहिली मोजणी पूर्णपणे वाया गेली, कारण सर्वांना सुटी मिळते म्हणून आम्ही शनिवार निवडला. बेळगावात शनिवार हा बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या खेड्यांतून भाजी, कोंबड्या आणि माणसे सकाळपासूनच शहरात उतरतात. आमचे आकडे भरघोस आले आणि आम्ही खूश झालो. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने वही चाळून एवढेच विचारले, ‘हे बाजाराचे की रोजचे?’ त्यानंतर आम्ही मंगळवार, बुधवार आणि गुरुवार असे सलग तीन दिवस धरले आणि परीक्षा, गणपती व भातकापणीचे दिवस टाळले. इतरांनीही तसेच करावे.

या मोजणीचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. रेल्वे फाटकाच्या ठिकाणी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग मंजूर करताना चोवीस तासांतील गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची संख्या यांचा गुणाकार पाहिला जातो. त्याला रेल्वेच्या भाषेत टीव्हीयू म्हणतात आणि दुचाकी-रिक्षांना त्यात मोटारीपेक्षा कमी वजन असते. हा गुणाकार एक लाखावर गेला की पुलाचा दावा बळकट होतो. समजा, एका गेटवरून दिवसाला ४० गाड्या जातात आणि २,५०० वाहन-एकके रस्ता ओलांडतात. गुणाकार बरोबर एक लाख येतो. त्यात लोकलच्या २० फेऱ्या वाढल्या, तर तो दीड लाख होतो. लोकल वाढली की गेट अधिक वेळ बंद राहणार, हा आक्षेप पहिल्याच बैठकीत येणार आहे आणि तो खराही आहे. दर अर्ध्या तासाला दोन्ही दिशांनी गाडी सोडली, तर तासाला चार वेळा गेट पडेल. प्रत्येक वेळी सहा मिनिटे धरली, तर तासातील २४ मिनिटे रस्ता बंद. म्हणून लोकल आणि पूल या दोन मागण्या वेगवेगळ्या कागदांवर न मांडता एकाच कागदावर मांडाव्यात. कपिलेश्वर, गोगटे सर्कल आणि तिसरे गेट येथे पूल झाले, पण ते होईपर्यंत टिळकवाडी आणि शहापूरच्या लोकांनी किती वळसे घेतले, हे येथील कोणालाही सांगावे लागणार नाही. काम सुरू होण्याआधी पर्यायी रस्ता कोणता असेल, हेही त्याच कागदावर लिहून मागावे.

प्रवाशांना काय विचारावे

दुसरी मोजणी बसथांब्यांवर आणि वडापच्या अड्ड्यांवर करावी. खानापूर, गर्लगुंजी, देसूर, मच्छे या बाजूने येणाऱ्या माणसाला चारच प्रश्न विचारावेत : कोठून निघालात, कोठे जायचे आहे, किती वाजेपर्यंत पोहोचावे लागते आणि आज किती पैसे व किती वेळ लागला. पाचवा प्रश्न घातला की माणूस बस आली म्हणून निघून जातो.

‘लोकल सुरू झाली तर वापराल का?’ हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याला सगळेच होकार देतात. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. ११ जून २०२३पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. रेल्वेचे तिकीट कितीही स्वस्त असले, तरी ते शून्यापेक्षा जास्तच असणार. म्हणून उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांतले कामगार, कॉलेजचे विद्यार्थी, दुचाकीने रोज येणारे नोकरदार आणि बसला उभे राहायला जागा मिळत नाही म्हणून वेळेसाठी पैसे मोजायला तयार असलेल्या महिला, असे गट वहीत वेगळे ठेवावेत. सर्वांची एकच बेरीज करून ‘एवढे प्रवासी मिळतील’ असे लिहिले, तर पहिल्या महिन्यातच ती बेरीज खोटी ठरते. मद्रासच्या (आताच्या चेन्नईच्या) एमआरटीएस या शहरी रेल्वेमार्गाचे उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर ठेवावे. १९९५ साली त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. मार्ग उत्तम, गाड्याही धावू लागल्या, पण बसशी सांधा नीट न जुळल्याने प्रवासी अनेक वर्षे अंदाजापेक्षा कमीच राहिले.

वेळापत्रक कागदावर मांडून पाहणे

रूळ मागण्याआधी वेळापत्रक मांडावे. त्याला तज्ज्ञ लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते.

बेळगाव ते खानापूर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. मध्ये देसूर आणि इदलहोंड ही स्थानके धरून ताशी सरासरी ४० किलोमीटर वेग मिळाला, तर प्रवासाला ३८ मिनिटे लागतात. सोयीसाठी ४० धरू. टोकाला गाडी उलट फिरवायला १० मिनिटे. मेमू, म्हणजे स्वतंत्र इंजिन नसलेल्या विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, इंजिन काढून पलीकडे लावावे लागत नाही, म्हणून दहा मिनिटे पुरतात. साध्या पॅसेंजरला त्याहून बराच अधिक वेळ जातो. म्हणजे जाणे ४०, थांबणे १०, येणे ४० आणि पुन्हा थांबणे १०, अशी एक पूर्ण फेरी १०० मिनिटांची झाली. एकच गाडी असेल तर दर १०० मिनिटांनी एक लोकल मिळेल, दोन असतील तर दर ५० मिनिटांनी. अर्ध्या तासाला एक हवी असेल तर तीन पुरत नाहीत, चार लागतात. शिवाय एक राखीव. ‘दर पंधरा मिनिटांनी लोकल हवी’ असे निवेदनात लिहिणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहिला, तर तो स्वतःच ते वाक्य खोडेल.

आमच्या मते पहिली मागणी दोन गाड्यांपुरतीच ठेवावी आणि त्याही दिवसभर समान अंतराने न मागता सकाळी ७ ते १० आणि सायंकाळी ५ ते ८ या वेळांत मागाव्यात. दुपारी त्याच गाड्या घटप्रभेपर्यंत सोडता येतील, म्हणजे सुळेभावी, पाच्छापूर आणि गोकाक रोडकडच्या लोकांचाही या मागणीत वाटा राहील. खानापूरच्या पुढे गुंजी आणि लोंढ्यापर्यंत एखादी फेरी न्यावी, कारण जंगलपट्ट्यातील त्या गावांना पावसाळ्यात बसचा भरवसा नसतो. मात्र संपूर्ण सेवा लोंढ्याहून सुरू करण्याचा आग्रह धरू नये. फेरी लांबली की गाड्यांची संख्या वाढते आणि मूळ मागणी अडते.

मार्गावर या गाड्यांसाठी जागा आहे का, हा पुढचा प्रश्न. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी लूप लाइनवर, म्हणजे स्थानकातील बाजूच्या रुळावर, ताटकळत बसावे लागत असे. दुहेरीकरणाने ते क्रॉसिंग संपले. तरीही एका स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंत एका रुळावर एका वेळी एकच गाडी सोडण्याची ब्लॉक पद्धत असेल, तर सर्वात लांब टप्पा संपूर्ण मार्गाची क्षमता ठरवतो. रेल्वेत वापरले जाणारे स्कॉटचे सूत्र सोपे आहे : दिवसाची १,४४० मिनिटे, त्यांचे ७० टक्के म्हणजे १,००८, आणि त्यांना टप्प्यातील धावण्याची अधिक ब्लॉक मोकळा करण्याची मिनिटे यांनी भागावे. सर्वात लांब टप्प्याला ९ मिनिटे आणि सिग्नल-ब्लॉकला ३ मिनिटे लागत असतील, तर एका दिशेने दिवसाला ८४ गाड्यांची क्षमता निघते. त्यातून एक्स्प्रेस, मालगाड्या आणि वंदे भारत वजा करून उरेल ते आपले. टप्पा लांब असेल, तर मध्ये एक इंटरमीडिएट ब्लॉक सिग्नल बसवून तो दोन तुकड्यांत मोडता येतो. नवा रूळ टाकण्यापेक्षा हे काम पुष्कळ स्वस्त आहे, पण सभेत ‘सिग्नल हवा’ अशी घोषणा कोणी देत नाही.

हैदराबादच्या एमएमटीएस या लोकल सेवेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. ऑगस्ट २००३मध्ये रेल्वे आणि राज्य सरकारने खर्च वाटून घेऊन ती सेवा सुरू केली. नवे रूळ फारसे लागले नाहीत, म्हणून ती लवकर उभी राहिली. पण लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच मार्गावर धावत असल्याने लोकल मागे ठेवली जाण्याची तक्रार कायम राहिली. म्हणून सकाळच्या दोन फेऱ्या तरी अडवू नयेत, एवढे वेळापत्रकाच्या चर्चेतच पदरात पाडून घ्यावे.

थांबे आणि स्टेशनच्या बाहेरची वाट

प्रत्येक गावाला थांबा हवा असतो. प्रत्येक थांब्याने वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे मिळून दोन ते तीन मिनिटे जातात. चार नवे हॉल्ट घेतले, तर वर मांडलेली १०० मिनिटांची फेरी १२० मिनिटांची होते आणि दोन गाड्यांत तासाला एक लोकल उरते. आमच्या मते पहिला नवा हॉल्ट एकच मागावा आणि तो उद्यमबागेच्या अंगाला. तेथे कारखाने आहेत, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि खानापूर रोडची सकाळची कोंडीही तेथूनच सुरू होते. हॉल्टची जागा सुचवताना मार्ग सरळ आणि शक्य तितका सपाट असलेला भाग निवडावा, वळणावर किंवा चढावर परवानगी मिळणे अवघड असते. आठ डब्यांच्या मेमूसाठी सुमारे १८० मीटर लांबीचा फलाट लागतो; तेवढी लांबी जागेवर पावलांनी मोजून पाहिल्याशिवाय नकाशावर खूण करू नये.

बेळगाव स्टेशन कॅम्पाच्या बाजूला आहे आणि सीबीटी, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, किल्ल्याजवळ. खानापूरहून ४० मिनिटांत आलेल्या माणसाला पुढे सीबीटीकडे जायला रिक्षाचे भाडे द्यावे लागले, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बस धरेल. म्हणून वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन संस्थेकडे नव्या बस न मागता आहेत त्याच काही फेऱ्या स्टेशनवरून वळवण्याची मागणी करावी आणि लोकलच्या वेळेशी त्यांचा मेळ घालून द्यावा. स्टेशनच्या परिसरातील बरीच जमीन लष्कराच्या आणि कँटोन्मेंटच्या ताब्यात असल्याने बसथांबा किंवा पादचारी मार्ग यांच्यासाठी त्यांची संमती लागते आणि तिला वेळ लागतो. तो अर्ज इतर सर्व अर्जांच्या आधी द्यावा.

कोणत्या दारात, कोणत्या भाषेत

दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आणि विभागीय कार्यालय दोन्ही हुबळीत आहेत, ही आपली मोठी सोय. नव्या थांब्याचा किंवा वेळेतील बदलाचा प्रस्ताव विभागीय व्यवस्थापकांकडे जातो. प्रवासी सल्लागार समितीच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर आला, तर त्याला लेखी उत्तर मिळते. त्यामुळे समितीवर कोण सदस्य आहे ते शोधून बैठकीच्या पुरेसे आधी त्यांच्या हाती कागद द्यावा. नव्या गाड्या आणि डबे यांचा निर्णय दिल्लीत होतो आणि तेथे खासदारांचे पत्र लागते. पूल, नवे मार्ग आणि जमीन यांत राज्य सरकारचा वाटा असतो. कर्नाटकातील अनेक नव्या मार्गांचा निम्मा खर्च आणि जमीन राज्यानेच दिली आहे, म्हणून बंगळूरचे दार टाळून चालत नाही.

भाषेचा प्रश्न येथे भावनेचा न करता सोयीचा करावा. रेल्वेला इंग्रजीत किंवा हिंदीत, राज्य सरकारच्या खात्यांना कन्नडमध्ये आणि गावच्या बैठकीची नोटीस मराठीत व कन्नडमध्ये. तिन्ही कागदांवरचे आकडे मात्र तंतोतंत सारखे असावेत. एका प्रतीत ८४ आणि दुसरीत ४८ असे झाले, तर पुढचे सहा महिने खुलासे करण्यात जातात.

जमीन

आहे त्या मार्गावर लोकल चालवायला जमीन जवळजवळ लागत नाही आणि या मार्गाची खरी ताकद तीच आहे. तरीही पुढे केव्हातरी नवा फाटा, गाड्या उभ्या करण्याची जागा किंवा पुलाचा उतार यांसाठी गुंठ्यांचा प्रश्न येतोच. कित्तूरमार्गे जाणाऱ्या सुमारे ७३ किलोमीटरच्या बेळगाव–धारवाड नव्या मार्गाला देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी भागातील शेतकऱ्यांनी विरोध केला. रेल्वे नको असे त्यांचे म्हणणे नव्हते, सुपीक जमिनीऐवजी पडीक जमिनीतून मार्ग न्यावा असे होते. हलगा–मच्छे बायपासचा वादही वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारांत बासमती पिकवणाऱ्या माणसाला एकरी भाव सांगून प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्याकडे बहुधा एकरच्या हिशेबाने जमीन उरलेलीच नसते.

म्हणून कोणतीही रेघ नकाशावर ओढण्याआधी संबंधित गावाच्या चावडीत बसावे, गट नंबर मिळवावेत आणि उताऱ्यावरील नाव व प्रत्यक्ष कसणारा माणूस एकच आहे का ते तपासावे. वाटण्या न झालेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. नोटीस एकाच्या नावावर येते आणि जमीन चौघे कसत असतात. पर्यायी रेघ शेतकऱ्यांनाच काढायला सांगावी आणि ती दोन्ही बाजूंच्या खर्चासह प्रस्तावात जोडावी. बंगळूरच्या १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पाला ऑक्टोबर २०२०मध्ये मंजुरी मिळाली, खर्च १५,७६७ कोटी रुपये ठरला, तरी काम रेंगाळले आणि त्यामागे जागा ताब्यात येण्यातला विलंब हे एक मोठे कारण होते. राजधानीत हे झाले, तर आपल्याकडे तो वेळ आधीच धरून चालावे.

मेट्रोलाइटचा विचार केव्हा करावा

एका दिशेने, गर्दीच्या एका तासात किती माणसे जातात, हा एकच आकडा त्यासाठी पाहावा. केंद्राने २०१९मध्ये आखलेली मेट्रोलाइट, म्हणजे कमी खर्चाची हलकी मेट्रो, तासाला १५ हजारांपर्यंतच्या गर्दीसाठी आहे आणि २०२०मधील मेट्रो निओ, म्हणजे वरच्या तारेवर चालणारी रबरी चाकांची गाडी, ८ हजारांपर्यंत. आठ हजार माणसे म्हणजे पंचाहत्तर जणांनी भरलेल्या १०७ बस, तासाला, एकाच दिशेने. खानापूर रोडवर उभे राहून तेवढ्या बस मोजता आल्या, तर जरूर मागणी करावी. नाशिकच्या निओसाठी २०२१च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांच्या केंद्रीय साहाय्याची घोषणा झाली, पण घोषणेनंतर तेथे गाडी धावलेली नाही. हुबळी–धारवाडची सुमारे २२ किलोमीटरची चिगरी बससेवा मात्र आपण स्वतः जाऊन पाहू शकतो. स्वतंत्र मार्गिका असली की काय साधते आणि ती चौकात येऊन मिसळली की काय बिघडते, हे दोन्ही एका तिकिटात दिसते. तूर्तास बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) विकास आराखड्यात एखादा रुंद पट्टा भविष्यातील वाहतुकीसाठी राखून ठेवावा, एवढी हरकत-सूचना मुदतीत नोंदवली तरी पुरे.

पहिले सहा महिने

रेल्वे नवा थांबा किंवा नवी फेरी सहसा प्रायोगिक तत्त्वावर, बऱ्याचदा सहा महिन्यांसाठी देते. गाडी सुरू झाली की हारतुरे होतात आणि समिती घरी जाते. नेमकी येथेच चूक होते. त्या सहा महिन्यांत विक्री झालेल्या तिकिटांचा आकडा पाहिला जातो आणि डब्यात बसलेला विनातिकीट प्रवासी त्यात दिसत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासून मासिक पास काढण्यासाठी कारखान्यांच्या गेटवर आणि कॉलेजांत सांगावे, विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाचे अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीसह एकगठ्ठा भरून घ्यावेत. खानापूरच्या फलाटावर दोघांनी आठवड्यातून दोन दिवस चढणारी-उतरणारी माणसे आणि गाडीच्या उशिराची मिनिटे मोजावीत. गाडी सलग तीन दिवस वीस मिनिटांहून उशिरा आली, तर पाळी चुकलेला कामगार चौथ्या दिवशी दुचाकी काढतो आणि मग परत येत नाही. त्यामुळे उशिराची तक्रार महिना संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात हुबळीला पाठवावी. तिच्यासोबत वहीच्या त्या पानाची प्रत जोडावी.